कोरड्या तलावातली भट्टीताई

भट्टीताईबद्दल मास्तरांना फारसं काही ठाऊक नव्हतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. मूळची कुठली, घरी कोण, कशाचा पत्ता नाही. ती वारली तेव्हा तिचं खरं नाव श्रद्धांजलीच्या फलकावर वाचून ते चाट पडले.

बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात तिने पास्ता-पिझ्झाचं हॉटेल थाटलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत भट्टी, तळाच्या निळ्या फरशीवर टेबलं. याच तलावात मास्तरांनी तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं होतं.

त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. खाताना तोंडाच्या डाव्या बाजूने घास ओघळायचा, म्हणून तिने चारचौघांत खाणंच सोडलं. घरीसुद्धा भिंतीकडे तोंड करून चार घास खायची आणि ताट सरकवायची. दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका दुपारी मास्तरांनी तिला महत्प्रयासाने इथे आणलं, कुणाला दिसू नये म्हणून पार खोल टोकाला बसवलं आणि पास्त्याचे बारीक तुकडे करून चमचा तिच्या तोंडाशी नेला.

“मी काय तान्हं बाळ आहे?” तिने ताटली ढकलली.

भट्टीताईने वरून पाहिलं. आपली ताटली घेऊन ती खाली आली आणि समोर बसली.

“काकू, सकाळपासून उपाशी आहे हो. जेवते तुमच्या सोबतीने. मास्तर, तुम्ही भट्टीकडे बघा.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“बुडणारी पोरं काढलीत ना? मग एक पिझ्झा काढा!”

मास्तरांनी तो पार कोळसा करून काढला. दारातून पाहतात तर भट्टीताईच्या हनुवटीवरून सॉस गळ्यापर्यंत उतरलेला, आणि बाईसाहेब खुशाल गप्पा मारतायत.

“अगं, आधी तोंड पूस!” बायकोला राहवेना.

“शेवटी एकदाच पुसू की, काकू.”

बायको खुदकन हसली. ताटली तिने पुन्हा ओढली ती रिकामी करूनच सोडली.

मग दर गुरुवारी हेच, दोन वर्षं. भट्टीताई मुद्दाम सांडायची की मुळातच गबाळी होती, हे मास्तरांनी विचारलं नाही. साधे आभारही मानायचे राहिले. बायकोच्या अंगावर मात्र पुन्हा मूठभर मांस चढलं.

भट्टीताई जाण्याआधीच्या शेवटच्या गुरुवारी बायको शेजारणींना घेऊन मधल्याच टेबलावर खात बसली होती. भट्टीताई ताटली घेऊन काठावर उभी राहिली.

“मास्तर, आज मला तिथे जागाच नाही.”

“खुर्ची आणू का?”

“नको हो, इथेच खाते. काकूंना चीज हवंय का, तेवढं विचारा.”

“विचारतो,” मास्तर म्हणाले.