स्वयंपाकघराची खिडकी

अल्लीपूरच्या विमलाबाईंनी नव्या घरात एकच गोष्ट मागितली होती, स्वयंपाकघराला एक खिडकी. जुन्या घरात त्यांचा उभा जन्म एका कोंदट, काळ्याकुट्ट खोलीत पोळ्या लाटण्यात गेला. मे महिन्यात तिथं कुणी अर्धा तास तव्यापुढं उभं राहून दाखवावं, मग बोलावं. घरचे पुरुष बैठकीत बनियनवर कूलरपुढं पसरलेले असत आणि तिथूनच हाक मारत, "गरम पोळी आन वं!"

चुन्यानं आखणी झाली त्या दिवशी विमलाबाई स्वतः रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. मिस्त्री पुंडलिकरावांना म्हणाल्या, "इथं माही खिडकी. इकडून विहिरीवरचा वारा येते." मिस्त्रींनी मान डोलावली. नवरा महादेवराव, त्यांनीही डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

पाया भरला, जोतं उचललं, दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावून पेढे वाटले. भिंती चढत होत्या तेव्हा विमलाबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. परत येऊन पाहतात तर खिडकीच्या जागी सलग विटा!

"माही खिडकी कुठं गेली?"

"आई, त्या भिंतीले कपाटं लावाचे आहे," मुलगा अंकुश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "खिडकीनं जागा वाया जाते."

"कपाटं कोनं मांगतले? मले वारा पायजे!"

"वाऱ्यानं गॅस विझते," महादेवरावांनी निकाल देऊन टाकला. "धूर काढाले पंखा बसवून देतो ना. काऊन बोंबलून राह्यली?"

मिस्त्री जमिनीकडे बघत पुटपुटले, "वहिनी, दादांनी सांगतलं, मी का करू?"

विमलाबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. आपण ज्या खोलीत दिवस काढणार, तिच्याबद्दल दोघांनी मिळून परस्पर ठरवावं, आणि तेही आपण गावात नसताना! स्लॅब पडला त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांना आग्रह करकरून वाढलं, फक्त नवऱ्याला आणि मुलाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्लास्टर झालं. त्यांनी त्या गुळगुळीत भिंतीवर हात ठेवून पाहिला. भिंत उन्हानं तापली होती. हात पदराला पुसून त्या कामाला लागल्या. घरच्यांना वाटलं, राग निवला.

वास्तुपूजा भर मे महिन्यात आली. सोयरेधायरे बैठकीत नव्या कूलरपुढं दाटीवाटीनं बसले होते. पुंडलिकरावही नवा सदरा घालून आले होते. भटजी म्हणाले, आता दूध उतू घाला. तशा विमलाबाई शेगडी घेऊन आल्या, मागून सिलिंडर ओढत आणला आणि सगळं बरोबर कूलरपुढं मांडलं.

"हे का करून राह्यली?" महादेवराव गोरेमोरे झाले.

विमलाबाईंनी काडी ओढली. कूलरच्या झोतानं ज्योत फुर्रकन विझली.

"कूलर बंद करा," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं गॅस विझते."

शुभकार्यात तमाशा नको म्हणून अंकुशनं मुकाट्यानं बटण दाबलं. दूध उतू गेलं, पण शेगडी हलली नाही. विमलाबाईंनी तिथंच तवा चढवला आणि पुरणपोळ्या लाटायला बसल्या. पंगतीला घामाच्या धारा लागल्या. एक जावई कूलरकडे वळला तर त्या म्हणाल्या, "पोळी खाची आहे ना बाप्पा? मंग बसा."

महादेवरावांचा सदरा पाठीला चिकटला. जरा निवांत बसावं म्हणून ते ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले, पण त्या बिनखिडकीच्या खोलीत आणखीच उकडत होतं, तसे लगबगीनं बाहेर आले. सगळ्यांनी पाहिलं. खाली बघत ते मिस्त्रींना म्हणाले, "पुंडलिकराव, उद्या येजो. ते भिंत फोडा लागते."

"उद्या काऊन?" विमलाबाईंनी पोळी उलटवली. "त्यांचं जेवन होऊ द्या. छन्नी-हातोडा मी सकाळीच आनून ठेवला आहे. भिंत फुटेपर्यंत माही शेगडी इथंच राहीन."