दुसरी रेघ

हिवाळ्यातल्या त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आई कारंज्यातल्या आमच्या कापडदुकानात बसली असताना तिच्या छातीत दुखू लागलं. कळ डाव्या जबड्यापर्यंत गेली. तिने सोडा घेतला, समोरच्या गिऱ्हाइकाला साडी दिली आणि मग मोठ्या भावाला सांगितलं. साडेतीनला आम्ही गावातल्याच एका दवाखान्यात होतो.

कार्डिओग्राममध्ये विशेष काही निघालं नाही. डॉक्टरांनी एक गोळी चावायला दिली आणि ट्रोपोनिन तपासायला सांगितलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. तपासणीच्या पट्टीवर एक रेघ म्हणजे ते सापडलं नाही, दोन रेघा म्हणजे सापडलं. पावणेचारला रक्त घेतलं. पंधरा मिनिटांनी एकच रेघ होती. भावाने गाडीची किल्ली काढली. मी घरच्या ग्रुपवर ‘रिपोर्ट नॉर्मल’ असं टाकलं. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाने दुसरी खातरजमा न करता पाठवलेली ती बातमी होती.

लॅबमधल्या बाईंनी आम्हाला दारात अडवलं.

“पावणेसातले परत रक्त घ्या लागते. तोवर कोनी घरी जाऊ नका.”

आईचा नियम वेगळा होता. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर ती अन्नपाणी घेत नाही. लग्नापासून एकदाही हा नियम मोडलेला नाही. त्या दिवशी सूर्य पावणेसहाला मावळणार होता.

“मले दिवस बुडायच्या आत जेवाचं हाय,” आई म्हणाली. “एकडाव काढलं ना रक्त? काहून मांगं लागली बाई तू?”

“आजी, दुधाले विरजण लावल्यावर अर्ध्या तासानं झाकण उघडलं तर काय दिसते?”

“दूधच दिसन.”

“मंग विरजण लागलंच नाई, असं म्हनता का?”

“हे तुले तुह्या मायनं शिकवलं?”

“सासूनं. रोज झाकण उघडून पाहो म्हून लय बोलणे खाल्ले मी.”

आई हसली आणि पलंगावर परत बसली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं: प्रथिन रक्तात दिसायला काही तास लागतात; लवकर काढलेल्या रक्तावर निकाल देता येत नाही. हलकं खायला त्यांची हरकत नव्हती. वहिनी घरून मुगाची खिचडी घेऊन आली. आईने साडेपाचला जेवण आटोपलं, चूळ भरली, हात जोडून सकाळपर्यंतचा नियम मनातल्या मनात घेतला.

पावणेसातला दुसऱ्यांदा रक्त घेतलं. सात वाजता पट्टीवर दुसरी रेघ होती. फिकट नव्हे, खोलीच्या दारातूनही दिसेल अशी.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अकोल्याला नेण्यासाठी अॅम्ब्युलन्स बोलावली आणि चार गोळ्या काढल्या. त्या लगेच पाण्यासोबत घ्यायच्या होत्या. सूर्य मावळून सव्वा तास झाला होता. भाऊ माझ्याकडे पाहू लागला. गोळ्या हातात घेऊन आम्ही दोघं पलंगापाशी उभे राहिलो.

“आसे काय उभे राह्यले?” आई म्हणाली. “पाणी आणा. नियम घेतानाच दवाईपुरती सूट ठेवली मी.”

आम्ही एका रेघेवर निर्धास्त होतो, तेव्हा तिने दुसरीची तयारी करून ठेवली होती.

अकोल्यात रात्रीच अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती; ती उघडून स्टेंट टाकला. हृदयाचं नुकसान थोडक्यावर थांबलं. पाचव्या दिवशी आई घरी आली आणि महिनाभरात दुकानात बसू लागली.

गेल्या आठवड्यात शेजारचे किराणा दुकानदार छाती चोळत आले. धनज गावाहून येताना दुखलं, तपासलं, रिपोर्ट नॉर्मल निघाला, असं म्हणाले. आईने हातातला कपडा खाली ठेवला.

“दुखलं किती वाजता, अन् रक्त किती वाजता देल्लं?”

दोन्हींत पाऊण तासाचं अंतर निघालं. तिने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. भावाला गाडी काढायला लावली आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात स्वतः जाऊन बसली.