दोनदा वाचलेलं पुस्तक

आयुष्यात ज्या पुस्तकाची मी सर्वांत जास्त स्तुती केली, ते मी वाचलेलंच नव्हतं.

पुस्तक माझ्या काकाजींचं. आमच्या आसगावातून अमेरिकेत गेलेला हा माणूस तिथे एका स्वीडिश म्हाताऱ्याच्या छापखान्यात लागला. म्हातारा स्वतःच लिहायचा, स्वतःच छापायचा, आणि तेही परमुलखात बसून स्वीडिशमध्ये! तो वारल्यावर काकाजींनी त्याचं चरित्र मराठीत लिहिलं, त्याच्याच यंत्रावर छापलं आणि पहिली प्रत मला पाठवली. (घरात मराठीचा मास्तर मीच!)

प्रत आली नेमकी दसऱ्याला. आईने ती पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नसतं. दुसऱ्या दिवसापासून धानाच्या कापणीची घाई. मग ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून शोकेसमध्ये गेलं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा पाटावर!

काकाजींचा फोन आला. "वाचलास काय गा?"

"दोन डाव वाचलो, काकाजी! शेवटच्या पानावर तं डोळ्यात पाणीच आलं!"

काकाजी गप्प झाले. (मला वाटलं, गहिवरले!)

"काहून खोटं बोलता जी?" बायको म्हणाली.

"अवो, खुश तं झाले ना!"

इतके खुश की हिवाळ्यात थेट घरी हजर! मी उत्साहाने गाव जमवून सत्कार ठेवला आणि पुस्तकावर वीस मिनिटं बोललो. काकाजींनी शांतपणे प्लास्टिक काढलं आणि कडांवरून अंगठा फिरवला. म्हाताऱ्याची छापायची रीत जुनी होती. पानांच्या घड्या जोडलेल्याच ठेवायच्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत वाचायचं. एकही पान कापलेलं नव्हतं!

"राहू दे गा," ते म्हणाले. "पूजा तं केली तुमी."

मला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं.

ते परत गेल्यावर भाजीच्या सुरीने पानं कापत मी पुस्तक वाचलं. म्हाताऱ्याने आपलं शेवटचं पुस्तक स्वीडनला भावाकडे पाठवलं होतं. भावाचं पत्र आलं, "दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं." पुढे म्हातारा गावी गेला, तेव्हा ती प्रत न कापलेलीच सापडली. त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही. हे सगळं शेवटच्या पानावर होतं.

मी ढसाढसा रडलो. लगेच फोन हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. काकाजींना सांगण्यासारखं माझ्याकडे एकच खरं वाक्य होतं, आणि ते मी आधीच वापरून बसलो होतो!