चोळीच्या वावराखालची जाहिरात

लोणीत प्रत्येक वावराला नाव आहे आणि ते कोणत्याही सरकारी कागदावर नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. माणसांच्या तोंडी मात्र 'भांडणाची पट्टी', 'भुताचा माळ', 'रुसकं' असे काहीतरी असते. संयम मुथा या नावांच्या नादी लागला तो दुकानामुळे. त्याचे दुकान पाइपांचे आणि ठिबकच्या सामानाचे. पाइप किती लांब हवा हे गिऱ्हाईक नंतर सांगते. कोणत्या वावराला हवा, हे आधी. 'रुसकं' असे का म्हणतात, हे त्याने एकदा सहज विचारले आणि समोरचा माणूस पाइप विसरून तासभर बोलत बसला. तेव्हापासून तो विचारत राहिला.

मुथांचे घर तीन पिढ्या लोणीत आहे. तरी त्यांच्या नावावर गुंठाभर शेतजमीन नाही. "गावाची जमीन गावाकडं राहावी, आपण दुकान करावं," असे त्याचे वडील चंपालाल म्हणत, आणि त्या घराची पत या न घेण्यावरच उभी होती. ज्याच्या मालकीचे वावर नाही त्याला दुसऱ्यांच्या वावरांच्या नावांचे एवढे वेड का लागावे, याचे गावाला नवल वाटे. त्याला स्वतःला वाटत नसे. ज्या घरात आपल्याला आतपर्यंत जाता येत नाही, त्या घराची दारे-खिडक्या माणूस जास्त निरखून पाहतो. त्यातला हा प्रकार होता.

या नावांची त्याने एक वेबसाइट केली. एका वावराला एक पान: वर नाव, खाली छायाचित्र, मग नावामागची हकिगत, आणि शेवटी ती हकिगत सांगणाऱ्याचा आवाज. भोसरीला, चाकणला, कुठे दुबईला असलेली लोणीची माणसे ती पाने वाचत आणि कळवत, की आमच्या आजोळच्या वावराचे नाव आम्ही विसरलो होतो. असा निरोप आला की संयम दिवसभर खुशीत असे.

त्यांतले सर्वांत जास्त ऐकले गेलेले पान साळुआत्याचे. साळुबाई गावची लेक; तरुणपणीच नवऱ्याने टाकलेली आणि माहेरी परतलेली. गावच्या लेकीला सारा गाव आत्या म्हणतो. बापाने ओढ्याकडेचा एक तुकडा तिच्या चोळी-बांगडीसाठी म्हणून तिच्या नावे करून दिला. तिने बाकीच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडला आणि या तुकड्यावर बाजरी, मटकी काढत आयुष्य घालवले. म्हणून ते 'चोळीचं वावर'. बापाला ती दादा म्हणे. त्या पानावर तिचा आवाज होता: "दादा म्हनलं, खा, पी, ताठ मानंनं जग. पर साळे, ह्यो तुकडा भावाच्या भाईर जाऊ देऊ नगं. मी म्हनलं, न्हाई जाऊ देनार." एवढे बोलून ती हसली होती. ते हसूही त्याने ठेवले होते.

आवाज आणि छायाचित्रे वाढत गेली तशी वेबसाइटची जागा भरली. सुरुवातीचा सवलतीचा काळ संपला आणि होस्टिंगचे वार्षिक भाडे एकदम कितीतरी पट झाले. दुकानाचा हिशेब त्याची बायको सिद्धी पाहत असे. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "छंद तुमचा आहे तर त्यानं स्वतःचं पोट स्वतः भरावं. दुकानानं किती दिवस भरायचं?"

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. गावाकडे वर्गणी मागावी, की जाहिराती घ्याव्यात? वर्गणीच्या नुसत्या कल्पनेने त्याचे कान गरम झाले. जत्रा असो, सप्ताह असो, शाळेची भिंत असो, मुथांचे घर वर्गणी देत आले होते. मागायला ते कोणाच्या दारात गेले नव्हते. शिवाय कोणी म्हणाले असते, आमच्याच वावरांची नावं नि आमच्याकडनंच पैसे व्हय शेट? जाहिरातीत ही अडचण नव्हती. कोणासमोर हात पसरायचा नाही, कोणाचे तोंड पाहायचे नाही. जाहिराती कंपनी आपोआप पाठवते आणि पैसेही आपोआप येतात. लाज वाचवणारी वाट म्हणून त्याने ती धरली.

ती धरतानाही तो सावध होता. कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत, हे कंपनी विचारते. त्याने मांस बंद केले, अंडी बंद केली, दारू आणि जुगार बंद केले. चंपालाल कधी मोबाइलवर पाहायला बसले तर त्यांच्यासमोर काही भलते यायला नको. यादीत पुढे जमीन-जुमला होता. तिथे त्याचे बोट थांबले. या जाहिरातींना भाव सर्वांत जास्त मिळतो, असे सिद्धीने कुठेतरी वाचले होते. जमिनीत वाईट काय, असे त्याने मनाशी म्हटले आणि तो रकाना चालू ठेवला.

पावसाळा सरला आणि एका दुपारी भरत दुकानात आला. भरत साळुआत्याचा भाचा, तिच्या भावाचा थोरला मुलगा. त्याने मोबाइल काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला.

"शेट, ह्ये काय हाय?"

पडद्यावर साळुआत्याचे पान होते. वर 'चोळीचं वावर, लोणी'. खाली तिच्या बाजरीचे छायाचित्र. त्याला अगदी चिकटून जाड अक्षरांत: 'विकणे आहे! निसर्गाच्या कुशीत मोक्याची शेतजमीन. त्वरित संपर्क साधा.' पुढे फोन नंबर.

"भरतभाऊ, ही जाहिरात आहे. हिचा वावराशी काही संबंध नाही."

"जाहिरात कुनी दिली?"

"कोणी दिली नाही. ती आपोआप येते."

"कुनी दिल्याबिगर जाहिरात लागती व्हय? शेट, आमी शेतकरी हाय, येडं न्हाई. म्या फोन लावला त्या नंबरावर. म्हनलं, लोणीतली जमीन हाय का? त्यो म्हनतो, आहे ना साहेब, कधी येता बघायला?"

पुण्यातल्या दलालाने त्याच्या सवयीप्रमाणे होकार दिला होता. आळंदीची विचारली असती तरी त्याने तोच दिला असता. हे सांगायला संयमने तोंड उघडले आणि आपले बोलणे पळवाटेसारखे ऐकू येते आहे, हे त्याच्याच लक्षात आले.

खरी गोष्ट पुढेच होती. भरतच्या मुलीचे, संस्कृतीचे, लग्न ठरत होते. होणाऱ्या व्याह्यांनी गावाचे नाव शोधले, तेव्हा त्यांना हे पान दिसले. चहा पिता पिता त्यांनी विचारले, "तुमच्या आत्यांनी जमीन विकायला काढली वाटतं? घरात काय अडचण बिडचण?" भरतने पाहुण्यांसमोर विषय बदलला. पाहुणे गेल्यावर त्याने सारा राग साळुआत्यावर काढला: इकायचं व्हतं तर आमाला इचारायचं, आमी मेलो व्हतो का? तेव्हापासून ती त्यांच्या अंगणात आली नव्हती.

भरत गेला. संयमने त्याच तासात सगळ्या जाहिराती बंद केल्या. पण पडद्यावरून गेलेली गोष्ट गावातून जाईना. दोन दिवस तो साळुआत्याकडे जाण्याचे टाळत राहिला. दुकानात माल उतरायचा आहे, असे त्याने सिद्धीला सांगितले. माल उतरून झाल्यावरही तो गेला नाही.

शेवटी चंपालालच म्हणाले, "तू जातोस का मी जाऊ?" त्या म्हाताऱ्या माणसाला कोणाच्या दारात माफी मागत उभे राहिलेले संयमला पाहवले नसते. तो गेला.

साळुआत्या शेंगा निवडत होती. त्याने सांगायला सुरुवात केली तशी तिने हात वर करून त्याला थांबवले. "मला ऐकून काय करायचंय? भरताम्होरं बोल. चल."

भरतच्या अंगणात बायका-माणसे जमली. त्याला खाट दिली, पाणी दिले. या घरात पाहुण्याला पाण्याविना ठेवत नाहीत. संयमने घरून तयार केलेले बोलणे असे होते: हे यंत्राचे काम आहे, यंत्राला 'वावर' हा शब्द दिसला आणि त्याने जमिनीची जाहिरात आणून लावली, साळुआत्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो तेवढे बोलला. सारे खरे होते. साळुआत्या त्याच्याकडे इतक्या भरवशाने पाहत होती की त्याला तेवढ्यावरच थांबता आले नाही.

"पण कोणत्या जाहिराती नकोत हे मला ठरवता येत होतं. दारूच्या, मटणाच्या, जुगाराच्या मी बंद केल्या. जमिनीच्या चालू ठेवल्या. त्यांचे पैसे जास्त येतात म्हणून."

मग भरत हसला. त्या हसण्यापेक्षा शिवी बरी वाटली असती.

"म्हंजी दारू तुमच्या घराला चालत न्हाई म्हनून बंद, मटान चालत न्हाई म्हनून बंद. आन् आमची जमीन? ती चालतीय! वा राव!"

संयमने खाली पाहिले. रकान्यावर बोट थांबले होते तेव्हा त्याने कोणाकोणाचा विचार केला होता, हे त्याला आता लख्ख आठवले. वडिलांचा केला होता, बायकोचा केला होता. ज्यांनी त्याला आपल्या वावरांची नावे सांगितली, त्यांच्यातला एकही चेहरा त्या वेळी डोळ्यांसमोर आला नव्हता. नावे त्याने माणसांकडून घेतली आणि माणसे दाराबाहेर ठेवली. तीन पिढ्या गावाची जमीन न घेतल्याचा त्याच्या घराला अभिमान होता, आणि त्याने तिची नुसती नावे घेऊन त्यांच्याखाली 'विकणे आहे' लागू दिले होते.

"आत्याची चूक नाही," तो म्हणाला. "एवढं तरी माना."

"मानलं," भरत म्हणाला. त्याने ते खरेच मानले होते. पण आवाजात थोडे काहीतरी शिल्लक राहिले. शेजारच्या बाईने ते ऐकले, संयमने ऐकले. साळुआत्याने तर आयुष्यभर माहेरच्या अंगणात असे शिल्लक राहिलेले ऐकतच दिवस काढले होते. तिने पदर सावरला.

"भरता, आज तू मानलंस. पर उद्या पावनं परत इचारतील. मी बाजारात कुना परक्या मानसासंगं बोलले तरी तुज्या मनात येनार, म्हातारी इकती का काय. म्या दादास्नी सबुद दिलाय. त्यो आसा रोज रोज कुनाम्होरं सिद्ध करत बसू? त्यापरीस आत्ताच तुज्या नावावर करून घे."

"आत्या, राहू दे ना. एवढं काय त्यात?" भरत म्हणाला.

यापुढे तो आणखी काही बोलेल म्हणून संयमने वाट पाहिली. भरतची बायको, अंगणातल्या बाया, सारेच वाट पाहत होते. भरतने पायाजवळची काडी उचलली आणि मोडली.

"आत्या, असं करू नका," संयम म्हणाला. "चूक माझी आहे. तुम्ही का भरायची?"

"तू आता मधी बोलू नगं, बाळा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

बक्षीसपत्र करायला ती सारी घोडेगावच्या नोंदणी कार्यालयाकडे निघाली, तेव्हा तिने एकच अट घातली: साक्षीदार म्हणून संयम हवा. "ज्याच्यामुळं झालं त्यानंच बघावं," असे भरत म्हणाला. तिच्या मनात तसे नव्हते. गाडीत ती संयमशेजारी बसली, आणि मंचर मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "त्या तुज्या येबसाइटीला लई खर्च येतो का रं?"

"येतो थोडा."

"मग मला मागायचं. मटकी इकून दिलं असतं. माजा आवाज हाय त्यात." थोडे थांबून तिने विचारले, "का मागितलं न्हाईस?"

लाज वाटली म्हणून, हे उत्तर खरे होते. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. ती पुन्हा विचारील असे त्याला वाटले, पण तिने विचारले नाही; पाणी प्यायली आणि बाटली त्याच्यापुढे केली.

कार्यालयात गर्दी होती. कारकुनाने कागद वाचला. त्यात गट क्रमांक होता, चतुःसीमा होत्या, पूर्वेला ओढा होता. 'चोळीचं' हे नाव कुठेच नव्हते. साळुआत्याचा अंगठा यंत्राने दोनदा घेतला नाही. कामाने तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तिसऱ्यांदा घेतला. भरतने सही केली. मग कारकून संयमकडे वळला.

"लिहून देणाऱ्या बाईंना तुम्ही स्वतः ओळखता?"

संयमला चटकन 'हो' म्हणता आले नाही. कारकुनाने मान वर केली.

"वळखतो की," साळुआत्याच म्हणाली. "पाळन्यात व्हता तवापासनं बघतीया मी त्याला."

"तुम्ही नाही, बाई, त्यांनी सांगायचंय."

"ओळखतो," संयम म्हणाला आणि सही केली.

"इकडे कॅमेऱ्याकडे बघा." पडद्यावर त्याचे कपाळ आणि केस तेवढे दिसत होते. कारकुनाने बटणावरचे बोट मागे घेतले. "अहो, वर बघा."

भरत बाहेर निघून गेला होता. साळुआत्या बाकावर बसून संयमसाठी थांबली होती.

"वर बघा, शेठ," कारकून पुन्हा म्हणाला. "चेहरा आल्याशिवाय पुढे जात नाही."