पिवया आणि गोया

मी या ग्रुपवर फक्त वाचते, लिहीत नाही. भूत, आत्मा, संकेत यांतलं काहीही मी मानत नाही, आजही नाही. पण हा एक प्रसंग कुठल्याच कप्प्यात बसत नाही... म्हणून इथे.

मी अमरावतीला नोकरी करते, आईबाबा अकोल्याला असतात. शाळा इंग्लिश मीडियम. बाबा मूळ अकोटचे, पण माझ्याशी मुद्दाम ‘शुद्ध’ बोलत आले, त्यामुळे वऱ्हाडी मी बाजारात, बसमध्ये ऐकते तेवढीच. मराठी लिहायला जमावं म्हणून नसीमआपांकडे जाऊ लागले. आपा मराठीच्या रिटायर्ड शिक्षिका, मोर्शीच्या. दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच जणी त्यांच्या अंगणात बसून एकच व्यायाम करतो – आपा एक विषय देतात, हात न थांबवता लिहायचं, खोडायचं नाही, मग मोठ्याने वाचायचं. वाचायची पाळी आली की मी नेहमी शेवटचा नंबर मागून घेते.

त्या आठवड्यात आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली होती. मी एक दिवस जाऊन आले, तेव्हा तिला नुसतं सलाईन चालू होतं. शनिवारी तिला घरी सोडलं. रविवारी मी आपांकडे गेले ते खरं तर मन रमवायला.

विषय होता – घाईत असलेला माणूस. मी लिहीत सुटले. मधेच एक वाक्य उतरलं, जे मी रचल्याचं मला आठवत नाही – ‘पिवया गोया नोको देऊ तिले.’

मला वाटलं, पिवया आणि गोया या दोन बहिणी असाव्यात आणि कोणीतरी त्यांना दटावतंय. नावं जरा विचित्र वाटली, पण खोडायचं नव्हतं. वाचून दाखवलं तर सगळ्या हसायला लागल्या. मी म्हटलं, या दोघी कोण ते मलाही माहीत नाही... तर आणखीनच हसल्या.

आपा म्हणाल्या, “काहून वो, वऱ्हाडात राहून तुले एवढंही समजत नाही? पिवळ्या गोळ्या. आमी ‘ळ’चा ‘य’ करतो.”

मी हसले नाही. चप्पल न घालता फाटकापाशी गेले आणि बाबांना फोन लावला. आईच्या गोळ्या कोणत्या रंगाच्या, विचारलं.

“पांढऱ्या आहेत, पिवळ्या आहेत. नाश्ता झाला तिचा, आता देऊनच राहिलो.” बाबा माझ्याशी असं वऱ्हाडी वळणाने कधी बोलत नाहीत. थकले होते.

मी म्हटलं, पिवळ्या थांबवा, आधी डॉक्टरांना विचारा. ते चिडले, पण थांबले.

त्यांचा फोन परत येईपर्यंत मी फाटकाची कडी लावत होते, काढत होते. आपा पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

फोन आला. पिवळ्या गोळ्या आधीच्या, बीपीच्या. त्यांच्यामुळेच बीपी एकदम खाली जाऊन आई पडली होती. डॉक्टरांनी त्या बंद केल्या होत्या, पण डिस्चार्जच्या गडबडीत बाबांच्या लक्षात राहिलं नाही. जुन्या-नव्या एकाच डबीत.

“नाही दिल्या,” बाबा म्हणाले. मग पुन्हा, “नाही दिल्या रे बेटा.”

मागून आईचा आवाज येत होता – आज चहा मिळणार आहे का नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

वऱ्हाडी कानावर पडलेली असते, मान्य. काळजी डोक्यात होतीच, तेही मान्य. पण त्या गोळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. रंग कुठून आला?

आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आपली मुलगी औषधांच्या बाबतीत फार बारीक लक्ष ठेवते. शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत असते.

सांगू दे.