दहाचा एव्हरेज

सौंसर ठाण्यातली ती घटना अजून मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तिथे ठाणेदार होतो. मोहगावच्या रस्त्यावर सायकलने शाळेत निघालेल्या एका गुरुजींना मोटारीने उडवलं. ते जागीच गेले. मोटार थांबली नाही.

खबर एवढीच मिळाली, की गाडी पांढरी होती. तशी गाडी गावात एका संत्रा व्यापाऱ्याकडे होती. त्या सकाळी शेठला पांढुर्ण्याला सोडून ड्रायव्हर एकटाच परतला होता.

"मोहगावकडे गेलोच नाही जी, साहेब. सरळ घरी आलो."

गाडीचा किलोमीटरचा काटा बंद होता. पण शेठची शिस्त कडक. निघताना टाकी काठोकाठ भरायची आणि आल्यावर पुन्हा काठोकाठ, म्हणजे पेट्रोलची चोरी पकडता येते. त्या दिवशी परतल्यावर दहा लिटर मावलं होतं. शेठ म्हणाले, "गाडी दहाचा एव्हरेज देते." म्हणजे शंभर किलोमीटर. पांढुर्णा जाऊन-येऊन ऐंशी. वरचे वीस मोहगावला जाऊन येण्याइतके होते.

हिशेब जमला आणि मी खूश झालो. दोन दिवस ड्रायव्हरला सकाळपासून ठाण्यात बसवलं, नाही नाही ते बोललो. त्याची बायको बाहेरच्या ओट्यावर बसून असायची. तिच्याकडे मी पाहतही नव्हतो.

तिसऱ्या दिवशी पुरावा पक्का करावा म्हणून पंचांसमोर शेठच्या नेहमीच्या पंपावर टाकी भरली आणि ती गाडी पांढुर्ण्याला नेऊन आणली. पुन्हा टाकी भरली. दहा लिटरच मावलं. गाडी आठच देत होती. वरचे वीस किलोमीटर कधी झालेच नव्हते.

मी ड्रायव्हरला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी सांगतलं जी. तुमी म्हणाले, शेठ खोटं बोलून राहिले का?"

मी बयान काढून पाहिलं. ते वाक्य त्यात नव्हतं. शेठचा आकडा मी लिहून घेतला होता, त्याचा घेतला नव्हता. मला माझीच लाज वाटली. भागाकार बरोबर होता. कोणाच्या तोंडचा आकडा खरा धरायचा, तिथे मी चुकलो होतो.

त्याला सोडलं. पण त्या तीन दिवसांत खरी गाडी कुठल्या कुठे गेली. ती कधीच सापडली नाही.

गुरुजींच्या घरी मीच गेलो. त्यांच्या पत्नीने पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "सापडला का जी तो?"

मी नाही म्हणालो. का नाही, ते सांगायची हिंमत झाली नाही.