चौथ्या खोलीतली शिंक

भूत, भानामती, नजर, उतारा यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण अशीच सुरुवात करतात आणि तिसऱ्या परिच्छेदात स्मशानात पोचतात. मी पोचणार नाही. माझा अनुभव भर सकाळचा आहे, शाळेतला आहे, आणि त्याला एक सरकारी माणूस साक्षीला होता.

आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांची ट्रंक होती. वडील अमरावतीच्या सभांना जायचे आणि येताना खिसे भरून पत्रकं आणायचे. मी वाचायला त्यांवरच शिकलो. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच हिवाळ्यात मी स्वतःचं पहिलं पत्रक छापलं. विषय — शिंक. कामाला निघताना कोणी शिंकलं की आमच्या वऱ्हाडात माणूस खाली बसतो, पाणी पितो, गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि मग नव्यानं निघतो. या बसण्यात आपल्या किती पिढ्या बसून राहिल्या, असा माझा सवाल होता. दर्यापूरच्या बाजारात मी ते पत्रक घसा कोरडा होईपर्यंत वाटलं. संध्याकाळी चिवडा घेतला तर तो त्याच पत्रकात बांधलेला... विचार लोकांच्या हाती पोचला, एवढं समाधान मानलं.

पुढच्याच पावसाळ्यात, सत्तावन साली, तापाची ती मोठी साथ आली. मी तेव्हा दर्यापूर–अकोला रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात मास्तर होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं मला अजून मोटारीत भेटतात. शाळा म्हणजे ओळीनं चार खोल्या, वर टिनं, पुढे लांबलचक ओटा, अंगणात एक कडुनिंब. तीन खोल्यांत वर्ग. चौथी खोली पूर्वी एका व्यापाऱ्याची कापसाची वखार होती. तिला एकच दार, खिडकी नाही, भिंतींना जुना कापूस चिकटलेला.

साथीचे नियम घेऊन तालुक्याहून सॅनिटरी इन्स्पेक्टर यायचा. सायकलवर निघायचा खरा, पण आमच्या काळ्या मातीत चाकं अशी भरायची की गावात शिरताना सायकल त्याच्या खांद्यावर असायची. दर खेपेला नियम नवा. आधी म्हणाला, ताप आलेलं मूल घरी पाठवा. मग म्हणाला, घरी पाठवू नका, वाटेत साथ पसरते, शाळेतच वेगळ्या खोलीत ठेवा. म्हणून चौथी खोली झाडून तापाची खोली केली. तिथं चटया टाकतो न टाकतो तोच तो पुन्हा आला — खोली रिकामी करा, कुलूप लावा, तापाची पोरं घरी, आणि त्यांच्या शेजारी बसलेली पोरंही घरी. या शेजाऱ्यांना तो कॉन्टॅक्ट म्हणायचा.

पोरांना हा शब्द फार आवडला. नामदेव नावाचा एक किडकिडीत पोरगा तापला, तर अख्खा वर्ग उभा राहून सांगू लागला की आपण त्याच्या मांडीला मांडी लावून बसत होतो. नामदेवाला तेवढी मांडीच नव्हती. पण हेडमास्तरांनी सगळ्यांना घरी सोडलं आणि दुपारी तीच पोरं नाल्यात एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना दिसली. पुढच्या खेपेला नियम आला की एका माठातलं पाणी पिणारेही कॉन्टॅक्ट. तेव्हा उरलेली शाळाही रिकामी झाली.

एक मुलगी सोडून.

शांता आमच्या वस्तीतली. आई गयाबाई शेतात निंदायला जायची, बाप नव्हता. शांता वर्गात दाराशी गोणपाटावर बसायची. एकटी. माठाला तिचा हात लागायचा नाही, चपराशी चांदभाई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. नियम सरकारचा नव्हता, हेडमास्तर बापूरावांचा होता. आणि सरकारचा कायदा त्याच्या नेमका उलट होता, तो येऊन दोन वर्षं झाली होती. ते गोणपाट मी दोनदा उचलून फेकलं. दोनदाही ते परत दाराशी आलं. बापूराव मला 'पत्रकवाले' म्हणायचे आणि बदलीची धमकी द्यायचे.

साथीमुळे पुढे ढकललेली शिष्यवृत्तीची परीक्षा त्याच आठवड्यात दर्यापूरला होती. पास झालं की अमरावतीला हायस्कूल आणि वसतिगृह. शांताला ही एकच संधी होती. नाही जमलं तर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या मामानं ठरवूनच टाकलं होतं. इन्स्पेक्टरनं नवा नियम सांगितला — परीक्षेला फक्त कॉन्टॅक्ट नसलेलं मूल जाईल. कॉन्टॅक्ट आहे की नाही ते हेडमास्तरांनी त्याच्यासमोर तोंडानं सांगायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही.

आता गंमत बघा. ज्यांनी शांताला कोणाचा स्पर्श होऊ दिला नाही, त्यांच्याच कृपेनं अख्ख्या शाळेत कॉन्टॅक्ट नसलेली ती एकटीच उरली. बापूरावांचा पुतण्या प्रभाकर मात्र तापानं घरी झोपला होता. त्याची परीक्षा बुडाली तर शांतानंही जाऊ नये, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणाले, न्याय सगळ्यांले सारखा पाहिजे. नेमकं त्याच दिवशी त्यांना समता आठवली. शांता प्रभाकरच्या शेजारी बसते, असं ते इन्स्पेक्टरला सांगणार होते. प्रभाकरच्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर तापानं नाही, या बातमीनं त्या अंथरुणाला खिळल्या असत्या.

परीक्षेच्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. ओट्यावर इन्स्पेक्टर खुर्चीत बसलेला, समोर बापूराव, अंगणात शांता आणि गयाबाई. मी बापूरावांच्या हाताशी उभा. चांदभाई चौथ्या खोलीपाशी, किल्ली त्याच्या करदोट्याला. दर्यापूरची मोटार थोड्याच वेळात फाट्यावर येणार होती.

बापूरावांनी घसा साफ केला. "ही मुलगी शांता. ही आमच्या वर्गात—"

चौथ्या खोलीत कोणीतरी शिंकलं.

लहानसहान शिंक नव्हती. टिनं वाजली. चांगल्या वयस्क माणसाची, मनापासून दिलेली शिंक, आणि मागून नाक ओढल्याचा आवाज.

बापूराव जागच्या जागी खाली बसले. पाणी मागितलं, गूळ मागितला. इन्स्पेक्टरनं विचारलं की आत रोगी ठेवलाय का. चांदभाईनं कुलूप काढलं, आम्ही सगळ्यांनी डोकावून पाहिलं. उघडी जमीन, भिंतीला कापूस. उंदीरसुद्धा नाही. दार पुन्हा लावलं.

बापूराव गूळ गिळून उठले. "तर सांगत होतो, ही मुलगी—"

पुन्हा शिंक. पहिलीपेक्षा मोठी.

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघू लागला. बापूरावही. मी हात वर करून उभा राहिलो, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, म्हणजे माझं नाक काय करतंय ते सगळ्यांना दिसावं. बापूराव पुन्हा खाली बसले. गयाबाई अंगणातून म्हणाली, "बसा मास्तर, निवांत बसा. शिंकेवर शुभ काम करू नोको म्हंतेत, अन् अशुभ तं बिलकुलच नोको."

फाट्याकडून मोटारीचा भोंगा ऐकू आला.

इथे मी संतापलो. शिंकेला घाबरू नका, हे मीच छापलेलं. कोणत्याही सभ्य सभेत मी म्हणालो असतो की उठा, बोला, शिंकेनं काही होत नाही. पण इथे उठून ते काय बोलणार होते, ते मला माहीत होतं. तत्त्व ओठापर्यंत आलं होतं... मी ते गिळलं. तत्त्वाच्या जागी गूळ असता तर सोपं गेलं असतं.

बापूरावांनी मग शक्कल काढली. चौथ्या खोलीचं दार सताड उघडायला लावलं, चांदभाईला उंबऱ्यावर आत तोंड करून उभं केलं आणि स्वतः लांब कडुनिंबाखाली गेले. इन्स्पेक्टरही छत्री घेऊन मागे. तिथे बापूरावांनी तोंड उघडलं. "ही" एवढंच बाहेर पडलं.

तिसरी शिंक. चांदभाईची टोपी मागे अंगणात येऊन पडली.

तो वळला तेव्हा चेहरा ओला होता. पावसाचा म्हणावा तर तो टिनाखाली उभा होता. पालथ्या हातानं तोंड पुसत तो सावकाश म्हणाला, "साहेब, मुँह पे उडा. पर किसका, वो नई मालूम."

इन्स्पेक्टरला एकदम आपलं काम आठवलं. म्हणाला, "मग तुम्ही कॉन्टॅक्ट झालात. घरी जा."

"जाता हूँ साहेब. लेकिन घर में क्या बोलूँ, किसका कॉन्टॅक्ट?"

एवढे नियम बदलले होते, पण या प्रसंगाचा नियम इन्स्पेक्टरजवळ नव्हता. त्यानं रुमाल काढून स्वतःच्या नाकावर धरला आणि रुमालातूनच बापूरावांना म्हणाला, "मोटार चाललीय. एका शब्दात सांगा. मुलगी कोणाजवळ बसते?"

बापूराव चौथ्या खोलीकडे बघत राहिले. ओठ हलवायचे आणि थांबायचे, थंड पाण्यात पाय घालून पाहावा तसे. आम्ही सगळे कान देऊन उभे. शेवटी जमिनीकडे बघत ते म्हणाले, "कोणाजवळच नाही. दाराशी एकटी बसते."

खोली शांत. कडुनिंबाच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

इन्स्पेक्टरनं वर्गाच्या दाराशी पडलेलं गोणपाट पाहिलं. साथ ओसरल्यावर हे कसं चालतं ते बघायला मी येईन, एवढं म्हणून त्यानं शांताला जायला सांगितलं. तो पुढे आला नाही, साथ ओसरायच्या आधीच त्याची बदली झाली. पण त्याची गरजही पडली नाही. गयाबाईनं जाता जाता ते गोणपाट उचललं, त्याची खोळ करून पोरीच्या डोक्यावर घातली, आणि दोघी चिखलातून मोटारीकडे पळाल्या. ते गोणपाट शाळेत परत आलं नाही. नवं घालायची बापूरावांची छाती झाली नाही, कारण चौथी खोली जागच्या जागी होती.

मी हा प्रश्न पत्रकासारखा सर्व बाजूंनी तपासला. कापसाच्या धुळीनं शिंक येते, मान्य. पण शिंकायला नाक लागतं. पोरांची टवाळी म्हणावी तर पोरं सगळी कॉन्टॅक्ट, म्हणजे नाल्यावर. मागून कोणी भोक पाडलं असेल म्हणून मी भिंतीवरून हात फिरवला. हाताला कापूस लागला. चांदभाईचं म्हणणं, कोई बुजुर्ग होगा, उसकू झूठ की ॲलर्जी होगी. चांदभाई आठवडाभर घरी बसला आणि त्याला ताप आला नाही. एवढाच काय तो शास्त्रीय पुरावा माझ्याजवळ आहे.

शांता पास झाली. आता अमरावतीला कॉलेजात आहे. परवा भेटली तेव्हा माझं ते जुनं शिंकेचं पत्रक तिच्या वहीत होतं, मीच तिला दिलेलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आता तं सांगा. तुमीच शिंकले होते ना?"

मी नाही म्हणालो. हात कसे वर केले होते, तोंड कसं मिटलं होतं, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रिकामी खोली शिंकत नाही, गुरुजी. हे तुमीच आमाले शिकवलं."

तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आणि ती शिंक माझी नव्हती.